बालन्यूरॉलॉजी रेसिडेन्सी : निवड आणि प्रशिक्षणकाळ (इंदूर)

नवजात अर्भकापासून किशोरवयापर्यंतच्या मुलांचा मेंदू, मज्जारज्जू, नसा आणि स्नायू यांच्या विकारांवर उपचार करणारी वैद्यकशाखा म्हणजे बालन्यूरॉलॉजी. अपस्मार, सेरेब्रल पाल्सी, मेंदूज्वर, गिलियन-बारे हा नसांचा आजार, डुशेन आणि एसएमएसारखे स्नायू दुबळे करणारे आनुवंशिक विकार, चयापचयातले जन्मजात दोष, वाढीतली मंदगती, स्वमग्नता हे सगळे तिच्या कक्षेत येते. शस्त्रक्रिया तिच्यात नाही, ते काम न्यूरोसर्जनचे. या शाखेत तज्ज्ञ होण्यासाठी रुग्णालयात राहून जे पूर्णवेळ प्रशिक्षण घ्यावे लागते त्याला रेसिडेन्सी म्हणतात. प्रस्तुत नोंदीत तिचा विचार मुख्यतः इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याच्या बाजूने केला आहे.

भारतातला नेहमीचा मार्ग असा : इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, नीट-पीजी देऊन तीन वर्षांचे एमडी बालरोग, मग पुन्हा प्रवेश परीक्षा आणि तीन वर्षांचे डीएम, म्हणजे उपशाखेतली सर्वोच्च पदवी. अठराव्या वर्षी एमबीबीएसला लागलेली मुलगी कुठेही न अडखळता गेली तरी डीएम हातात पडेपर्यंत तिशीला टेकते, आणि न अडखळणारे थोडेच. डीएमचा प्रवेश 2017 पासून नीट-एसएस या देशपातळीवरील परीक्षेतून होतो. एम्स, चंदीगडचे पीजीआय, जिपमर आणि निमहान्स या संस्थांची आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही डीएमच्या तोडीची पदवी असून तिलाही तीन वर्षेच लागतात. याशिवाय मोठ्या रुग्णालयांत एक-दोन वर्षांच्या फेलोशिप असतात. त्यांत शिकायला भरपूर मिळते, पण पदवीची मान्यता मिळत नाही, हे आधीच पक्के माहीत असावे.

एमडी बालरोग झालेल्याला नियमाप्रमाणे प्रौढांच्या न्यूरॉलॉजीच्या डीएमलाही अर्ज करता येतो. त्यामुळे निवडीचा पहिला पेच इथेच पडतो. प्रौढांच्या शाखेत पक्षाघाताचे रुग्ण, मोठी ओपीडी आणि जास्त मिळकत. बालशाखेत तपासणीला वेळ दुप्पट लागतो, फी मात्र दुप्पट लावता येत नाही.

अमेरिकेत रचना निराळी आहे. तिथे वैद्यकीय पदवीनंतर एकूण पाच वर्षे लागतात, दोन बालरोगाची आणि तीन न्यूरॉलॉजीची. या तिनांतले एक वर्ष प्रौढांच्या न्यूरॉलॉजीत काढावेच लागते. जागावाटप ‘मॅच’ या पद्धतीने होते : उमेदवार आणि संस्था आपापली पसंतीची यादी देतात आणि निकाल मार्चमधल्या तिसऱ्या शुक्रवारी लागतो. इंदूरहून जाऊ पाहणाऱ्याला त्याआधी यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा आणि परदेशी पदवीधरांसाठीचे ईसीएफएमजी प्रमाणपत्र लागते. यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे गुण जानेवारी 2022 पासून जाहीर होत नाहीत, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. त्यामुळे एका परीक्षेत तडाखेबंद गुण मिळवून बाकीचे झाकण्याची सोय राहिलेली नाही.

इंदूरची पार्श्वभूमी

होळकरांच्या काळात, 1878 साली, इंदुरात वैद्यकीय शाळा सुरू झाली. आजचे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय 1948 चे. त्याला जोडलेले महाराजा यशवंतराव रुग्णालय गावात ‘एमवाय’ एवढ्याच नावाने ओळखले जाते, आणि मुलांसाठी चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. इथे एमडी करणाऱ्याला धार, झाबुआ, आलिराजपूर, बडवानी, खरगोन या जिल्ह्यांतली मुले तपासायला मिळतात. क्षयाचा मेंदूज्वर, डोक्यात फीतकृमीची गाठ होऊन आलेले झटके, जन्मताना गुदमरलेली बाळे ही या भागातली रोजची प्रकरणे. ओपीडीची भाषा हिंदी, त्यात माळवी, निमाडी, भिली मिसळलेली. घरी मराठी बोलणाऱ्या रेसिडेंटला निमाडी बरीचशी कळते, भिलीसाठी मात्र वॉर्डातल्या दुसऱ्या मुलाच्या आजीला मध्यस्थ करावे लागते.

डीएमसाठी बाहेर पडणे जवळजवळ गृहीतच धरलेले असते. दिल्लीचे एम्स आणि लेडी हार्डिंग, चंदीगडचे पीजीआय ही नावे उमेदवारांच्या यादीत वर असतात. नीट-एसएसचे जागावाटप अखिल भारतीय असते. काही राज्यांतल्या सरकारी सेवेतील डॉक्टरांचा अपवाद सोडला तर ‘आपल्या गावचा’ म्हणून कोणाला सवलत नाही.

जागा कशी निवडावी

क्रमांक लागला की सीनियर एकच सल्ला देतात : मोठे नाव घे. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या शाखेत शिकणे पाठपुराव्यातून होते. सहा महिन्यांच्या बाळाचे निदान बरोबर होते की नाही हे ते दोन वर्षांचे झाल्यावर कळते, आणि ते मूल परत त्याच रेसिडेंटसमोर येत नसेल तर तीन वर्षांत शेकडो मुले पाहूनही हाती फक्त पहिल्या भेटीचा अनुभव उरतो. म्हणून जागा पाहायला गेलेल्याने चौकशी करावी ती याची : अपस्माराची, स्नायुविकारांची वेगळी ओपीडी आहे का, तिथे जुनी फाइल निघते का, ईईजीचा (मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाचा) अहवाल रेसिडेंट आधी लिहितो आणि मग सर तपासतात की आयता छापून येतो. नवजात विभाग आणि बाल अतिदक्षता विभाग त्याच आवारात आहेत का, हेही पाहावे. एमआरआय पाहताना शेजारी बसून दाखवणारा रेडिओलॉजिस्ट असेल तर जागेचे मोल वाढते. जागा मध्येच सोडल्यास दंड किती आणि पदवीनंतर सक्तीची सेवा किती वर्षे, हे बंधपत्रावर सही करण्यापूर्वी वाचावे. बहुतेक जण नंतर वाचतात.

स्वभावाचा प्रश्न याहून नाजूक आहे. ताप उतरला, मूल हसले, घरी गेले हा बालरोगातला आनंद इथे कमी मिळतो. बरेच आजार बरे होत नाहीत, आटोक्यात राहतात. ज्याला दर राउंडला निकाल हवा असतो त्याने नवजातशास्त्र किंवा अतिदक्षता घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

गरज मात्र मोठी आहे. देशात पाच ठिकाणी केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मज्जासंस्थेच्या वाढीशी निगडित नऊ विकारांपैकी किमान एक असलेल्या मुलांचे प्रमाण 2 ते 6 वयोगटात 9.2 टक्के आणि 6 ते 9 वयोगटात 13.6 टक्के आढळले होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली 2013 पासून अशी मुले शोधून जिल्हा केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था झाली. शोधलेल्या मुलाला पुढे तपासणारे मात्र मोजकेच.

प्रशिक्षणातले दिवस

पहिल्या वर्षी रेसिडेंट वॉर्ड, इमर्जन्सी आणि इतर विभागांचे कॉल सांभाळतो. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला की तो आपोआप थांबण्याची वाट पाहायची नसते. मिडाझोलॅम किंवा लोराझेपाम, न थांबल्यास लेव्हेटिरासेटाम, फेनिटॉइन वा व्हॅल्प्रोएट, त्यानंतर अतिदक्षता, हा क्रम झोपेतून उठवले तरी सांगता यावा लागतो. रात्री उठवतातच, त्यामुळे पाठ होतो.

खरी कसोटी ओपीडीत लागते. सात महिन्यांचे बाळ घेऊन आलेली आई म्हणते, “मॅडम, झोपेतून उठला की दचकतो. मान खाली टाकतो, हात असे पसरतो, मग रडतो. पोटात दुखत असेल म्हणून आम्ही ग्राइप वॉटर देतोय.” रेसिडेंट विचारते, “ताई, एकदाच होतं की लागोपाठ?” लागोपाठ, दहा-पंधरा वेळा. मोबाइलवर व्हिडिओ काढलाय का, हा पुढचा प्रश्न, आणि तो व्हिडिओ कधीकधी अर्ध्या तासाच्या तपासणीहून जास्त सांगतो. हे इन्फंटाइल स्पाझम. डब्ल्यू. जे. वेस्ट या इंग्रज डॉक्टरने 1841 मध्ये आपल्याच मुलाच्या आजाराचे वर्णन ‘लॅन्सेट’ला पत्राने कळवले, म्हणून त्याला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. भारतात जन्मताना गुदमरणे आणि पहिल्या काही दिवसांत साखर उतरणे ही त्याची मोठी कारणे. एसीटीएच या संप्रेरकाचे इंजेक्शन, तोंडाने जास्त मात्रेत प्रेडनिसोलोन किंवा व्हिगाबाट्रिन यांनी उपचार होतो. ट्युबरस स्क्लेरोसिस हा आनुवंशिक आजार असेल तर व्हिगाबाट्रिन आधी. उपचाराला उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीवर परिणाम होतो, आणि उशीर बहुतेकदा ‘गॅस झालाय’ या समजुतीने आधीच झालेला असतो.

ईईजी शिकण्यात बराच काळ जातो. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजून 10-20 पद्धतीने इलेक्ट्रोड चिकटवायचे. मूल झोपले पाहिजे म्हणून आई-वडिलांनी रात्री जागवून आणायचे, आणि तरीही ते टक्क जागे राहिले तर ट्रायक्लोफॉस हे झोपेचे औषध पाजून वाट पाहायची. लहान मुलाच्या गुंगीत उमटणाऱ्या निरोगी लहरी इतक्या उंच आणि टोकदार दिसतात की नवख्याला प्रत्येक आलेखात अपस्मार सापडतो. चांगला शिक्षक या काळात रेसिडेंटला आजार शोधायला कमी आणि निरोगी आलेख ओळखायला जास्त शिकवतो, कारण चुकीच्या अहवालावर मूल वर्षानुवर्षे औषध खात राहते.

तिसरी गोष्ट अभ्यासक्रमात एका ओळीत असते, प्रत्यक्षात तीन वर्षे पुरत नाहीत : घरच्यांना सांगणे. मूल चालेल का, बोलेल का, शाळेत जाईल का. आजी विचारते, नवस करू का. डुशेनचे निदान आईला सांगताना तो जनुकदोष तिच्याकडून आलेला असू शकतो हेही सांगावे लागते, आणि सासरची माणसे खोलीत असताना ते कसे सांगायचे हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही. जाणते प्राध्यापक अशा वेळी आधी आईशी एकटीशी बोलतात. एसएमएवर औषधे आहेत, पण किंमत सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. त्यामुळे इलाज असूनही नाही म्हणण्याची पाळी रेसिडेंटवर येते.

तास, घर आणि पैसा

कागदोपत्री तासांना मर्यादा आहे. केंद्र सरकारच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्यूटी साधारणपणे 12 तासांची आणि आठवडा 48 तासांचा धरला आहे. 2023 च्या पदव्युत्तर नियमांत आठवड्याला एक सुटी आणि वर्षाला 20 दिवसांची रजा आहे. अमेरिकेत 2003 पासून आठवड्याला 80 तासांची सीमा आहे. आपल्याकडच्या इमर्जन्सी ड्यूटीला मात्र हे नियम ठाऊक नसावेत, असे वेळापत्रक पाहून वाटते. डीएममध्ये एमडीच्या पहिल्या वर्षाइतकी दमछाक नसते, पण जबाबदारी वाढलेली असते.

स्टायपेंड मिळतो, पण तिशीतल्या माणसाच्या संसाराला तो पुरतोच असे नाही. लग्न, बाळंतपण, आई-वडिलांची आजारपणे सगळी याच वर्षांत येतात. प्रसूतिरजा घेतली की प्रशिक्षण तेवढे लांबते. रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या घरी ‘अजून शिकतेच आहेस का गं’ हा प्रश्न दर दिवाळीला ठरलेला. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकांचे सभासदत्व घ्यायचे आणि तिकिटे मावशीला द्यायची, हेही ठरलेले.

शेवटचे सहा महिने थीसिस, लॉगबुक आणि परीक्षेचे. लेखी झाल्यावर प्रात्यक्षिकात लाँग केस (एकाच रुग्णाची सविस्तर तपासणी), ईईजी आणि एमआरआय ओळखणे, तोंडी परीक्षा असा क्रम असतो. लाँग केसमध्ये निदानापेक्षा बिघाड मज्जासंस्थेत नेमकी कुठे आहे हे तर्काने मांडण्यावर भर दिला जातो. पास झाल्यावर परतणाऱ्याला मध्य प्रदेश वैद्यकीय परिषदेत डीएमची अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद करून घ्यावी लागते, त्यानंतरच ती पदवी दवाखान्याच्या पाटीवर चढते.