संकटकाळातील आत्मिक वाढ (ख्रिस्ती श्रद्धा)

दुष्काळ, कर्ज, आजारपण, घरातला मृत्यू अशा काळात देवावरचा भरवसा तगून राहणे, आणि त्या भरवशातून माणूस अधिक धीराचा, अधिक खरा व दुसऱ्याच्या दुःखाला अधिक जवळचा होणे, याला ख्रिस्ती परंपरेत आत्मिक वाढ म्हणतात. मराठवाड्यातल्या मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) बोलताना ‘कसोटीचे दिवस’, ‘अरण्यातला काळ’, ‘भट्टीतून जाणे’ असे शब्द येतात. संकट आले म्हणजे वाढ झालीच, असा नियम नाही. त्याच दुष्काळाने एक घर प्रार्थनेला लागते आणि शेजारचे दारूला. दुःख कोणाजवळ आणि किती उघडपणे बोलले जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून या नोंदीत विलापाच्या प्रार्थनेला, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणे मांडण्याला, सर्वांत जास्त जागा दिली आहे.

बायबलमधील आधार

सर्वांत जास्त वाचला जाणारा उतारा रोमकरांस पत्र 5:3–5 हा. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा, असा क्रम प्रेषित पौल लावतो. याकोबाच्या पत्राची सुरुवातही (1:2–4) याच वळणाची आहे. दोन्ही उतारे मातीच्या दिवशी वाचले की टोचतात. काही महिन्यांनी मागे वळून पाहणाऱ्याला ते उपयोगी पडतात, पहिल्या आठवड्यात नाही.

पहिल्या आठवड्यासाठी ईयोबाचा दुसरा अध्याय आहे. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक शब्द बोलत नाही. त्यांच्या हातून झालेले हे एवढेच चांगले काम. पुढे ते कारणे सांगू लागतात, ईयोबाचे पाप शोधू लागतात. शेवटी (42:7) देवाचा राग पेटतो तो देवाची वकिली करणाऱ्या या मित्रांवर. भांडून भांडून देवाला जाब विचारणारा ईयोब योग्य बोलला, असे देव म्हणतो.

संकट ही पापाची शिक्षा आहे का, हा प्रश्न लूक 13 मध्ये थेट येतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असे समजू नका, असे येशू सांगतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला लावतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गाडली गेली. अशा मृत्यूचे कारण भिंतीत शोधावे, मेलेल्याच्या चारित्र्यात नाही, हे या उताऱ्याचे सरळ वाचन. तरीही ‘काहीतरी घडलं असेल हातून’ हे वाक्य दुखवट्याच्या घरी अजून ऐकू येते.

1 राजे 19 मधला एलीया संदेष्टा मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देवाशी त्याचे बोलणे होते ते चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर.

विलापाची प्रार्थना

स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. रविवारच्या उपासनेत मात्र स्तुतीचीच गाणी जास्त वाजतात, त्यामुळे तक्रार करणे म्हणजे अविश्वास, असा समज पसरतो. वधस्तंभावर येशूने 22 व्या स्तोत्राचा पहिला प्रश्न, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, देवाला विचारला (मार्क 15:34), एवढे सांगितले तरी हा समज बराच सैल होतो.

शिकायला 13 वे स्तोत्र सोयीचे, कारण ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे. ओव्या 1–2 मध्ये हाक आणि गाऱ्हाणे, 3–4 मध्ये मागणे, 5–6 मध्ये भरवसा व स्तुती. ‘कोठवर’ हा प्रश्न पहिल्या दोनच ओव्यांत चार वेळा येतो. रीत अशी: स्तोत्र मोठ्याने दोनदा वाचावे. मग वहीच्या एका पानावर त्याच क्रमाने आपले लिहावे किंवा लिहिता येत नसेल तर बोलावे. गाऱ्हाणे नावानिशी असावे. ‘प्रभू, आम्ही दुःखात आहोत’ यात काहीच सांगितले जात नाही. ‘प्रभू, सोयाबीन पाण्यात गेलं, बँकेची नोटीस आली, आणि भावानं फोन उचलणं बंद केलंय’ हे गाऱ्हाणे झाले. मागणे एकच आणि आठवड्याभरात काय झाले ते कळेल असे ठेवावे. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. दिवसातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वेळी. आठवड्यातून एकदा ते कोणाच्या तरी सोबतीने करावे, एकट्याने केलेला विलाप घोळत राहतो.

नेहमी चुकते ते शेवटच्या भागात. भरवशाचे शब्द अजून मनात आलेले नसताना जिभेवर आणले जातात. तसे वाटत असेल तर पाचव्या ओवीच्या आधीच थांबावे. 88 वे स्तोत्र अंधारातच संपते, एकही आशेची ओवी न देता, आणि तरी ते शास्त्रात आहे. विलापगीताच्या पुस्तकातही देवाची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन (3:22–23) मधोमध आहे. त्यानंतर दोन अध्याय पुन्हा रडणेच आहे.

दुष्काळाच्या वर्षी हबक्कूक 3:17–18 वाचण्याचा प्रघात आहे. अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, असे सहा तोटे एकामागून एक मोजून झाल्यावरच संदेष्टा ‘तरी मी देवात आनंद करीन’ म्हणतो. जालन्याच्या मोसंबीच्या बागा 2012–13 मध्ये डोळ्यांदेखत वाळलेल्या पाहिलेल्या माणसाला ही यादी समजावून सांगावी लागत नाही. उपदेशकाने यादी घाईने उरकून ‘तरी’वर उडी मारू नये, इतकेच.

भेट

पाळक, फादर, सिस्टर किंवा महिला मंडळाच्या बायका घरी जातात, ती भेट साधारण अर्ध्या तासाची असावी. दारात ‘सलाम’ झाल्यावर पाणी घ्यावे, नको म्हणू नये. बायबल लगेच उघडू नये. ‘काल रात्री झोप लागली का? जेवलात का?’ हे प्रश्न आधी. घरातला माणूस बोलू लागला की मध्ये आपल्या मावसभावाची तशीच गोष्ट सांगू नये. प्रार्थना त्याच्याच शब्दांत, तीन-चार वाक्यांची. वाचन एकच आणि लहान. निघताना पुढच्या भेटीचा वार सांगावा आणि तो पाळावा. गर्दी असते ती पहिल्या तीन दिवसांत; गरज जास्त असते ती तिसऱ्या महिन्यात, शाळेची फी आणि पेरणी एकदम समोर येतात तेव्हा.

शेतकरी आत्महत्येच्या घरी कागदांची सोबतही यातच येते. सरकारी 1 लाख रुपयांची मदत मिळायला प्रकरण जिल्हा समितीपुढे पात्र ठरावे लागते. सातबारा, शवविच्छेदन अहवाल, कर्जाचे दाखले गोळा करायला विधवेबरोबर तहसीलला दोन खेटे घालणारा माणूस मंडळीत असला, तर पाळकाच्या प्रवचनाला वजन येते. अशा घरी मृताच्या तारणाचा निवाडा करत बसू नये. तो अधिकार कोणा भेट देणाऱ्याकडे नाही.

उपास

भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळून चाळीस दिवस उपासकाळ चालतो. कॅथलिकांना सक्तीचा उपास दोनच दिवस, भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे, वय 18 पूर्ण ते 59 पर्यंत: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे, ते दोन्ही मिळून एका जेवणाइतके होऊ नये. प्रॉटेस्टंट आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांत उपास-प्रार्थना स्वेच्छेची असते, पण तीन किंवा सात दिवस ओळीने धरण्याची चढाओढ लागते. संकटात आधीच जेवण कमी झालेले असते हे लक्षात घेऊन एक वेळचे जेवण सोडण्यापासून सुरुवात करावी. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी सोडणे धोक्याचे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी उपास न धरता दुसरे काही सोडावे, उदाहरणार्थ रात्रीचा मोबाइल. वाचलेले धान्य वा पैसे कोणाला तरी पोचले नाहीत तर उपास अर्धाच राहतो.

कोरडा काळ

प्रार्थनेत गोडी राहत नाही, वचन वाचून काही होत नाही, असा काळ जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतो. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस (1491–1556) यांचा नियम इथे फार कामाचा: मन उजाड असताना आधी ठरवलेले काही बदलू नये. लग्न मोडणे, जमीन विकणे, मंडळी सोडणे हे निर्णय उजेड आल्यावर. उजाडपणाची कारणेही ते तीन देतात: आपलाच आळस, कसोटी, आणि गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे हे शिकणे. स्पेनमधले कार्मेलाइट संन्यासी क्रूसाचे योहान (1542–1591) यांना 1577–78 मध्ये त्यांच्याच पंथबंधूंनी टोलेडोत सुमारे नऊ महिने कोंडून ठेवले होते. ‘अंधारी रात्र’ ही कल्पना त्यांच्याच कवितेतली. त्या रात्रीत देवाविषयीची ओढ आणि काळजी टिकून असते, ही त्यांनी दिलेली एक खूण.

झोप उडणे, जेवण सुटणे, कामात हात न चालणे, जगणे नकोसे होणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे. घरातले कीटकनाशक त्या काळात दुसऱ्याच्या ताब्यात द्यावे. प्रार्थना सोबत चालू ठेवता येते.

कुठे बिघडते

सर्वांत मोठे नुकसान ‘तुमचा विश्वास कमी पडला’ या वाक्याने होते. पौलाने शरीरातला काटा (सतत छळणारे दुखणे) निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही (2 करिंथकरांस पत्र 12). त्याचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणत नाही. आरोग्यसभेनंतर (प्रार्थनेने बरे करण्याच्या सभेनंतर) क्षयाच्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या बंद करणे हा दुसरा अनर्थ. क्षयाचे औषध मध्येच सोडले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि घरातल्या लेकरांना लागण होते ती वेगळीच. दानाचे ‘बी पेरा, शंभरपट मिळेल’ असे सांगून कर्जबाजारी माणसाकडून पैसे काढणे हा तर उघड अन्याय.

साक्षीचेही, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते मंडळीपुढे सांगण्याचेही, तसेच. संकट सुटायच्या आत साक्ष द्यायला उभे केले की माणूस शेवट रचून सांगतो आणि पुढच्या रविवारी त्याला तो निभवावा लागतो. कर्जाचा आकडा, सासरचे भांडण, आजाराचे नाव हे ध्वनिक्षेपकावर नको. उलट, नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘क्रूस उचल’ म्हणणे हा शास्त्राचा गैरवापर आहे. तिला आधी सुरक्षित जागा हवी.

मराठवाड्यातील संदर्भ

धर्मोपदेशक नारायण शेषाद्री (बाप्तिस्मा 1843) यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. आज या भागात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा मराठवाडा धर्मप्रांत, 1977 साली स्थापन झालेला औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत, मेथडिस्ट मंडळ्या आणि अनेक स्वतंत्र घरसभा आहेत. बरीच कुटुंबे दलित समाजातून आलेली. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, त्यामुळे कागदावर एक आणि रविवारी एक असे जगण्याचा ताण ही इथली खास कसोटी. तिच्यावर व्यासपीठावरून फारसे बोलले जात नाही.

दुसरी कसोटी ऊसतोडीची. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांत ख्रिस्ती घर असले तर त्याचा नाताळ फडावर जातो, उपासकाळाचा मोठा भागही. कोयत्यावर असलेल्या नवरा-बायकोला पहाटे अंधारात निघायचे असते. कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) तासभराची उपासना जमणार नाही. अशांना जाण्याआधी एक स्तोत्र पाठ करून द्यावे, 13 वे किंवा 121 वे, आणि मोळ्या बांधताना म्हणायला सांगावे. पाळकाने आठवड्यातून एकदा दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप पाठवावा, कारण दिवसभर काम करून थकलेले डोळे लांब मजकूर वाचत नाहीत. परतल्यावर पहिल्याच रविवारी साक्ष मागण्यापेक्षा विचारावे: उचल फिटली का, पोरांची शाळा किती बुडाली, कोणी आजारी आहे का.