नकाशावरची पिनांची गर्दी आणि आकड्यांच्या गोळ्यांची जन्मकथा

फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स सुरू झालं, तेव्हा त्यावर स्वतःच्या खुणा टाकायची अधिकृत सोय बाहेरच्या कुणाला नव्हती. पण लोक थांबले नाहीत. पॉल रेडमाकर नावाच्या प्रोग्रॅमरने पानाचा कोड उलगडून क्रेग्जलिस्ट ह्या संकेतस्थळावरच्या भाड्याच्या घरांच्या जाहिराती नकाशावर टाचल्या आणि 'हाउसिंगमॅप्स' उभं केलं. त्याच वर्षी एड्रियन होलोवाटीने शिकागो पोलिसांच्या नोंदी घेऊन गुन्ह्यांचा नकाशा केला. जूनमध्ये गूगलने एपीआय, म्हणजे बाहेरच्यांना आपल्या कोडमधून नकाशा वापरायची अधिकृत सोय, खुला केला आणि ज्याच्याकडे पत्त्यांची यादी होती तो उठून नकाशा करू लागला. यादी पंचवीस-पन्नास पत्त्यांची असेपर्यंत सगळं छान दिसायचं. पाचशेवर गेली की नकाशाच दिसेनासा व्हायचा.

मूळ पिनचा आकार चांगल्या विचाराने ठरवलेला आहे. उलट्या थेंबासारखी ही खूण येन्स रासमुसेनची. टोक नेमक्या जागेवर आणि अंग वर, म्हणजे ती जागा खुणेखाली झाकली जात नाही. दोन पिना एकमेकींवर आल्याच तर दक्षिणेकडची पुढे काढायची, म्हणजे दोन्ही टोकं दिसतात. दोन-तीन पिनांपर्यंत हे जमतं. त्यापुढे भूमिती आडवी येते. पुण्याच्या अक्षांशावर झूम १२ ला (आकडा जितका मोठा तितका नकाशा जवळून) पडद्यावरचा एक पिक्सेल जमिनीवरचे साधारण ३६ मीटर व्यापतो. लीफलेट ह्या, वेबवर नकाशे करायच्या तयार कोडची नेहमीची निळी पिन २५ पिक्सेल रुंद असते, म्हणजे एका पिनखाली जवळपास ९०० मीटरचा पट्टा जातो. अप्पा बळवंत चौक आणि शनिवारवाडा एकाच पिनच्या रुंदीत बसतात. त्या चौकातली पुस्तकांची दुकानं वेगवेगळी टाचायला गेलात, तर त्या झूमवर एकावर एक रचलेला निळा ढीग दिसणार. झूम १८ ला तोच पिक्सेल अर्ध्या मीटरच्या थोडा वर येतो आणि तेव्हा कुठे दुकानं सुटी होतात.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. १८३० मध्ये फ्रेर द मोंतिझों यांनी फ्रान्सच्या लोकसंख्येचा नकाशा काढला, तेव्हा एक ठिपका म्हणजे १०,००० माणसं असं ठरवून घेतलं होतं. १८३७ मध्ये हेन्री ड्रुरी हार्नेस यांनी आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी केलेल्या नकाशात शहरांना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात लहानमोठी वर्तुळं दिली. आजचा आकड्याचा गोळा, म्हणजे जवळजवळच्या पिनांऐवजी त्यांची संख्या दाखवणारं एकच वर्तुळ, ह्याच घराण्यातला. पण मला सर्वांत हुशारीचं वाटतं ते जॉन स्नो यांचं काम. लंडनमधल्या १८५४ च्या कॉलऱ्याच्या नकाशात एकाच घरात चार मृत्यू झाले असतील, तर त्या दारापुढे चार छोट्या काळ्या रेघा एकामागे एक रचलेल्या आहेत. ज्याच्या पाण्यातून साथ पसरली त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळ ही थप्पी वाढत जाते. पत्ता तोच, संख्या तीच, आणि एकही मृत्यू दुसऱ्याखाली लपत नाही. त्या नकाशाचं कौतुक पंपासाठी होतं, पण त्यात 'एकाच जागी अनेक नोंदी' ह्या प्रश्नाचं उत्तरही आहे.

विसाव्या शतकात जर्मन नकाशाशास्त्रज्ञ फ्रिड्रिख ट्योप्फर यांनी ह्याचं सूत्रही मांडलं. नकाशाचं प्रमाण लहान केलं तर त्यावर किती वस्तू ठेवायच्या, हे दोन प्रमाणांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावरून काढायचं. किती ठेवायच्या हे सूत्र सांगायचं. कुठल्या ठेवायच्या हे नकाशाकार ठरवायचा. पुढे गोम नेमकी इथेच झाली.

वेबवर हा प्रश्न आला तो वाचकाची तक्रार म्हणून नाही, ब्राउझरची तक्रार म्हणून. त्या काळात प्रत्येक पिन म्हणजे पानावरचं एक स्वतंत्र चित्र. काहीशे पिना झाल्या की नकाशा सरकवताना अडखळायचा आणि हजारांत गेल्यावर इंटरनेट एक्सप्लोरर गोठून बसायचा. त्यामुळे पहिले उपाय पिना कमी कशा काढायच्या ह्याचे होते. गूगलच्या फ्यूजन टेबल्सने वेगळी वाट काढली: ठिपके सर्व्हरवरच टाइलच्या, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्याच्या, चित्रात रंगवून पाठवायचे. ती सेवा २००९ मध्ये आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. बाकीच्यांनी जवळजवळच्या पिनांचे पुंजके करायला घेतले.

शाओशी वू यांनी लिहिलेला मार्करक्लस्टरर हा त्यातला सर्वाधिक वापरला गेलेला कोड. एपीआयच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी तो ल्यूक मेही यांनी आणला. निळा, पिवळा, लाल गोळा आणि त्यात आकडा हे रूप त्यानेच घरोघरी पोचवलं. त्याची रीत अगदी साधी आहे. यादीतली पहिली पिन घ्यायची, तिच्याभोवती ६० पिक्सेलच्या अंतराची चौकट आखायची आणि त्यात येणाऱ्या पिना तिच्या पदरात टाकायच्या. चौकटीबाहेरची पिन आली की नवी चौकट. गणित स्वस्त, म्हणून वेगवान. पण त्यामुळे गोळा कुठे उभा राहणार हे यादीच्या क्रमावर ठरतं. सरासरी जागा घेण्याचा पर्याय मुद्दाम चालू केला नाही, तर गोळा पहिल्या आलेल्या पिनवरच बसतो. यादी नावांच्या क्रमाने लावली की एक नकाशा आणि तारखांच्या क्रमाने लावली की दुसरा! आणि वाचक मात्र '३७' लिहिलेल्या त्या गोळ्याखालचा रस्ता वाचून तिथेच सगळं घडतंय असं धरून चालतो.

ह्या कोडचं एक उपकथानकही आहे. गोळ्यांची चित्रं गूगल कोड ह्या सेवेच्या पत्त्यावरून यायची. ती सेवा बंद झाल्यावर जगभरच्या कितीतरी नकाशांवर गोळे गेले आणि नुसते आकडे तरंगत राहिले.

पुंजके सोडवण्याची खरी परीक्षा शेवटच्या झूमवर होते. सगळ्यात जवळ जाऊनही दोन पिना सुट्या होत नसतील तर? कारण त्यांचे अक्षांश-रेखांश तंतोतंत एकच आहेत. मुंबईतल्या वीस मजली इमारतीतले सगळे दवाखाने नकाशाच्या लेखी एकाच बिंदूवर असतात, कारण नकाशाला मजला कळत नाही. त्याहून वाईट प्रकार पत्त्यांवरून जागा शोधणाऱ्या यंत्रणेचा. आपल्याकडे 'मारुती मंदिरासमोर, दत्त बेकरीच्या वर' असा पत्ता तिला उमगत नाही. मग ती यंत्रणा टपालाच्या पिन कोडवर येऊन थांबते. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली सहा आकड्यांची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली ती पत्रांच्या वाटणीसाठी, ठिकाण दाखवण्यासाठी नव्हे. ४११०३० मधले सगळे न उमगलेले पत्ते त्या इलाख्याच्या मध्यबिंदूवर ढीग होऊन पडतात आणि ढीग बघून वाटतं, त्या कोपऱ्यावर केवढी ही वस्ती!

ह्याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. मॅक्समाइंड ही कंपनी आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांच्या क्रमांकांवरून, ठिकाण सांगायची. ठिकाण कळलं नाही आणि फक्त देश माहीत असला, तर देशाचा मध्य म्हणून ३८ उत्तर, ९७ पश्चिम असा गोळाबेरीज बिंदू द्यायची. तो बिंदू कॅन्ससमधल्या एका शेतावर पडत होता. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या शेताच्या नावावर लागले आणि हरवलेल्या फोनपासून फसवणुकीपर्यंत सगळ्याचा माग काढत लोक आणि पोलीस तिथल्या दारात येऊ लागले. २०१६ मध्ये बातमी झाल्यावर कंपनीने तो बिंदू तळ्यात हलवला. नकाशा काढणाऱ्यांसाठी धडधडीत इशारा होता तो, पण आजही एकाच बिंदूवर शेकडो नोंदी दिसल्या की बहुतेक जण मूळ यादी तपासत नाहीत, पिना पसरवायची युक्ती शोधतात.

युक्ती मात्र सुंदर आहे. गूगल अर्थमध्ये एकावर एक आलेल्या पिनांवर टिचकी मारली की त्या पसरतात, हे पाहून जॉर्ज मॅककेरन यांनी गूगल मॅप्ससाठी 'स्पायडरफायर' लिहिला. पसरताना प्रत्येक पिन बारीक रेषेने मूळ जागेशी जोडलेली राहते, कोळ्याच्या पायांसारखी. आठपर्यंत पिना असल्या तर वर्तुळात मांडायच्या, नवापासून चक्राकार. कारण जास्त पिना वर्तुळात बसवायच्या तर वर्तुळ फार मोठं होतं.

२०१२ मध्ये डेव्ह लीव्हर यांनी लीफलेटसाठी केलेल्या मार्करक्लस्टरमध्ये गोळे आणि कोळी दोन्ही एकत्र आले. त्यांचा मोठा बदल म्हणजे सगळ्या झूम पातळ्यांचे पुंजके आधीच काढून ठेवणं. प्रत्येक गोळ्याला आपला बाप गोळा कोण हे ठाऊक असतं, म्हणून झूम करताना गोळा फुटून लेकरं बाहेर येताना दिसतात. गोळ्यावर माउस नेला की त्यातल्या पिनांचा खरा पसारा निळ्या बहुभुजाने दाखवला जातो. माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातली वाचकाच्या बाजूने विचार करणारी ही सर्वांत प्रामाणिक सोय. आणि बोटाने नकाशा पाहणाऱ्या फोनवर नेमकी तीच हाती लागत नाही.

लीफलेटचेच कर्ते व्लादिमीर अगाफोन्किन यांनी मॅपबॉक्स ह्या नकाशा कंपनीत २०१६ साली 'सुपरक्लस्टर' आणला. सर्वांत जवळच्या झूमवरून सुरुवात, प्रत्येक पायरीवर आधीच्या पुंजक्यांचे पुंजके आणि शेजारी शोधायला झटपट शोधाची वृक्षरचना. लाखो बिंदूही ब्राउझरमध्येच चटकन आवरू लागले. गूगलने आपला क्लस्टरर नव्याने लिहिला, तेव्हा नेहमीची रीत म्हणून हाच घेतला.

गंमत अशी, की तोवर मूळ अडचण विरली होती. वेबजीएल ह्या, संगणकाच्या ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणाऱ्या तंत्रामुळे ब्राउझर लाखभर ठिपके सहज रंगवू लागला होता. तेव्हा मॅपबॉक्समध्येच असलेल्या एरिका फिशर यांनी टिपकनू ह्या साधनात उलटी भूमिका घेतली: पुंजके करायचे नाहीत, लांबच्या झूमवर काही बिंदू सरळ गाळायचे, म्हणजे दाट-विरळ पोत तसाच राहतो. प्रत्येक झूम लांब जाताना बिंदू अडीचपट कमी, हे त्याचं नेहमीचं प्रमाण. गुन्हे, झाडं, अपघात असल्या नोंदींना हेच शोभतं. 'जवळचा दवाखाना' शोधणाऱ्याला मात्र त्याचाच दवाखाना गाळलेला चालणार नाही. तिथे गोळाच बरा.

गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जुनी पिन निवृत्तीच्या यादीत टाकून नवी 'ॲडव्हान्स्ड मार्कर' पुढे केली आहे. तिच्यात टक्कर झाल्यावर काय करायचं हे प्रत्येक पिनला सांगता येतं: काही झालं तरी दिस, किंवा जास्त महत्त्वाची पिन आली की लपून जा. महत्त्व किती, हा एक आकडा असतो आणि तो नकाशा बनवणाऱ्याने स्वतः भरायचा असतो.