‘रॅश’ म्हणजे पुरळ नव्हे
अपघाताचे कागद भाषांतराला देणाऱ्या ग्राहकांसाठी

मोबाइलवर भाषांतर करून आणलेला कागद घेऊन एक काका आमच्याकडे आले. अपघाताच्या दाव्याचं प्रकरण होतं आणि त्यात लिहिलं होतं, ‘आरोपीने पुरळ वाहन चालवले’. हसू आलं, पण अगदीच मोबाइलचा दोष नाही. इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे दोन ‘रॅश’ आहेत. अंगावर उठतो तो वेगळा. अपघाताच्या कागदात येतो त्याचं नातं ‘झटपट’ अर्थाच्या जर्मन ‘राश’शी आहे.

या रॅशमध्ये घाई आहे, पण नुसती घाई नाही. लोकल पकडायला माणूस धावतो, ती घाई. पुढे धोका आहे हे दिसत असताना मागचापुढचा विचार न करता उडी घेतली, की तो रॅशपणा. रागाच्या भरात राजीनामा फेकला तर ते ‘रॅश डिसिजन’. मराठीत अविचार, आततायीपणा, उतावीळपणा यांपैकी कुठला शब्द घ्यायचा, ते वाक्य बघून ठरवावं लागतं. गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा मात्र आमच्या मते रॅश नाही, नुसता उतावळा आहे. त्याच्यामुळे कुणाच्या जिवाला धोका नाही.

‘साहेब माझ्याशी फार रॅश बोलले’ असंही आपण म्हणतो. हा अर्थ आपण मराठीत दिलेला. इंग्रजी तक्रारअर्जात तिथे ‘रूड’ हवं.

आता फिर्यादीकडे वळू. ‘रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून...’ हे वाक्य एका दमात लिहिलं जातं, त्यामुळे तिन्ही शब्द एकच वाटतात. तसं नाही. रात्री ट्रक रस्त्याच्या कडेला उभा केला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही: ही हयगय, इंग्रजीत ‘नेग्लिजन्स’. घाटातल्या वळणावर समोरचं दिसत नसताना एसटीला ओव्हरटेक केलं: हा अविचार, म्हणजे ‘रॅश’. पहिल्याने घ्यायची ती काळजी घेतली नाही. दुसऱ्याला धोका कळत होता, तरी ‘निघेल गाडी’ म्हणून त्याने काढली.

भरधाव हा तिसराच मुद्दा. कर्नाटकातल्या एका ट्रक-अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली म्हटलं होतं, की गाडी जोरात होती एवढ्यावरून हयगय किंवा अविचार सिद्ध होत नाही. म्हणून ‘भरधाव’चं भाषांतर आम्ही ‘हाय स्पीड’ असं वेगळं करतो, ‘रॅश’मध्ये ढकलून देत नाही.

कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘रॅश ऑर नेग्लिजंट’ आहे, म्हणजे ‘किंवा’. दोन्हींपैकी एक सिद्ध झालं तरी पुरतं. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम 279 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 281. शिक्षा तीच: सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला असेल तर मात्र फरक मोठा आहे. जुन्या 304-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होती, नव्या 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत. त्या तारखेआधीच्या अपघाताला जुनीच कलमं लागतात. ‘नवं कलम टाका’ असा आग्रह कृपया धरू नका, कागदावर आहे तेच उतरेल.

‘रेकलेस’ हा रॅशचा शेजारी, जरा जास्त निर्ढावलेला. जुन्या इंग्रजीत ‘रेक’ म्हणजे पर्वा; ती नसलेला तो रेकलेस. आपल्या ‘बेदरकार’ची घडण अगदी तशीच, दरकार नसलेला. इतकी सरळ जोडी भाषांतरात क्वचित हाती लागते.

काही जण कागद देताना हळूच सुचवतात, ‘अविचार तेवढा गाळा’ किंवा ‘जरा कडक लिहा’. नाही जमणार. फिर्यादीत फक्त हयगय असेल तर इंग्रजीत रॅश येणार नाही, आणि दोन्ही असतील तर दोन्ही येतील. समोरच्या वकिलाकडे मूळ मराठी प्रत असतेच. शब्द वाढला की त्याचं बोट आधी तिथेच जातं.

फिर्याद आणि घटनास्थळ पंचनाम्याची प्रमाणित प्रत आणा. मोबाइलवर फोटो काढलात तर पानाची शेवटची ओळ आणि शिक्का आला आहे ना, ते निघण्याआधी बघून घ्या.