सर्पगंधा : मुळी, मेंदू आणि रक्तदाब

सर्पगंधा (अडकई, रौवोल्फिया सर्पेंटिना, करवीर कुल) हे कोकणातल्या सावलीच्या रानांत वाढणारे गुडघाभर उंचीचे झुडूप. एका पेऱ्यावर बहुधा तीन पाने, फुले पांढरी पण त्यांचे देठ लाल, फळ पिकले की काळे. औषधी गुण कडूजहर मुळीत. दक्षिण कोकणातून मुंबईला गेलेले मजूर पोटदुखीसाठी ही मुळी जवळ बाळगत, अशी एकोणिसाव्या शतकातली नोंद आहे. नावावरून ती सर्पदंशावर चालते असे मानतात. फुरसे चावल्यावर मात्र प्रतिविषाचे इंजेक्शनच हवे.

मुळीतले रेसर्पिन हे औषधी द्रव्य १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे वेगळे काढले गेले, आणि प्राण्यांचा रक्तदाब कोणत्या रसायनांवर चालतो हे उलगडण्याचे एक साधनच हाती आले. मानेतल्या धमन्या व महाधमनी यांतील दाबग्राहक रक्तदाबाची खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला देतात. दाब उतरला की ती शरीराला आणीबाणीत सज्ज करणाऱ्या अनुकंपी तंत्रिकांना (मज्जातंतूंना) चेतवते. त्यांच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन सुटते, वाहिन्या आवळतात, ठोके वाढतात. दाब चढला की मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या प्राणेशा तंत्रिकेतून ॲसिटिलकोलीन हे दुसरे रसायन सुटून हृदय संथ होते.

नॉरॲड्रेनॅलिन आणि त्याच्यासारखीच डोपामिन व सेरोटोनिन ही संदेशवाहक रसायने तंत्रिकांच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही आणि बाहेर राहिलेले रसायन एंझाइमे मोडून टाकतात. कणगीच रिकामी, मग लंबमज्जेने कितीही हाका मारोत! म्हणून दाब उतरतो आणि ठोकेही मंदच राहतात. नवा साठा तयार व्हायला दिवस लागतात, त्यामुळे परिणाम रेंगाळतो. हे मेंदूत आणि मेंदूबाहेरच्या तंत्रिकांतही घडते. दाब उतरण्यात बाहेरच्या तंत्रिकांचा वाटा मोठा.

मेंदूतला परिणाम सशांत उघड दिसला. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडत, पापण्या मिटत. १९५७ मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ आर्विड कार्लसन यांनी अशा सशांना डोपामिनचे पूर्वद्रव्य एल-डोपा टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले.

माणसांवर मुळीचा वापर त्याआधीचा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधाच्या उच्च रक्तदाबावरील वापराचे आपले निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात मांडले. पुढे काही रुग्णांत उदासीनता आढळू लागली, नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले. मुळीची मागणी तेवढी उरली. मुळी खणली की झुडूपच जाते. त्यामुळे या वनस्पतीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील) कराराखाली नियंत्रित आहे.