जुन्या हेराल्डमध्ये जिप्सीचं इंजिन

जुन्या गाडीत दुसरं इंजिन घालायचं म्हटलं की सगळे आधी एकच विचारतात: बॉनेटखाली मावेल का? बेळगावात या प्रश्नाचं फारसं ओझं वाटत नाही. उद्यमबागेत फौंड्र्या आहेत, लेथ आहेत, हवी तशी ब्रॅकेट करून देणारे हात आहेत. अवघड भाग इंजिनाच्या मागे सुरू होतो. वाढलेली ताकद चाकापर्यंत जाताना वाटेतल्या प्रत्येक भागावर काय बेततं, ते आधी समजून घ्यावं लागतं.

बेळगावच्या शहापुरात माझ्या आतेभावाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका स्टँडर्ड हेराल्डचं काम चालू आहे, म्हणून हा विषय रोजच्या बोलण्यात आहे. हेराल्ड मद्रासला बनायची, 1961 पासून. मूळ गाडी इंग्लंडच्या ट्रायम्फची. तिची चासी वेगळी, बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली, आणि बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं. इंजिनाशेजारी टायरवर बसून काम करता येतं अशा गाड्या थोड्याच. याच चासीची लांबी कमी करून ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार काढली. त्याच वर्षी हेराल्डमध्ये सहा सिलिंडरचं 1596 सीसी इंजिन घालून व्हिटेस आणली, आणि 1966 मध्ये स्पिटफायरच्या सांगाड्यावर 1998 सीसीची जीटी6. म्हणजे या चासीत मोठं इंजिन घालायचा उद्योग खुद्द कारखान्यानेच आधी करून ठेवलाय. त्यांना त्यात काय भोगावं लागलं, ते पुढं येईलच.

आतेभावाने निवडलंय मारुतीच्या जिप्सीचं इंजिन: 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगावकरांना लष्कराची जिप्सी काही नवी नाही. निवडीमागं तीन कारणं आहेत. याचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, हेराल्डच्या 948 सीसी इंजिनाचा बिडाचा. बिडाचा एक घन सेंटिमीटर सव्वासात ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियमचा 2.7, त्यामुळे ताकद दुपटीहून जास्त वाढूनही गाडीचं नाक जड होत नाही. दुसरं, जिप्सीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे, हेराल्डसारखाच. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जिप्सीचा फोर-व्हीलचा ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मधे एक छोटा शाफ्ट. तो केस काढून ठेवला की उरतो सरळ मागे तोंड असलेला पाच गिअरचा बॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्स कारखान्यातच एकमेकांना जुळवलेले, त्यामुळे मधे ॲडाप्टर प्लेट घालायची गरज पडत नाही. तशी प्लेट घालावी लागली असती तर क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एकदोन दशांश मिलिमीटरच्या आत जुळवावा लागला असता, नाहीतर क्लच आणि बेअरिंग लवकरच बोलू लागतात.

आता राहतो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीपर्यंत) जाणारा दांडा, आणि खरी गंमत इथं आहे. शाफ्टच्या दोन टोकांना क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, असतात. क्रॉसचा स्वभाव असा की तो कोनात फिरताना फेरे पोचवतो, पण एकसारखे पोचवत नाही. आत येणारा वेग स्थिर असला तरी बाहेरचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. कोन 3 अंश असेल तर हा फरक जेमतेम 0.14 टक्के. कोन 10 अंश झाला की 1.5 टक्के, 15 झाला की साडेतीन टक्के. कोन तिप्पट केला की त्रास जवळजवळ नऊपट होतो. शाफ्ट मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर हा झटका मिनिटाला 8000 वेळा बसतो, आणि तो सीटखाली घुमल्यासारखा जाणवतो.

यावरचा उपाय फार सुंदर आहे. पुढच्या क्रॉसने केलेली चूक मागचा क्रॉस तेवढीच उलट करून खोडतो. अट दोनच: शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत, आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट व डिफरन्शियलचा पिनियन (त्यात शिरणारा दात्यांचा शाफ्ट) एकमेकांना समांतर हवेत. दोन्ही एकाच उंचीवर असायची गरज नाही, फक्त समांतर. कोन अगदी शून्यही नको. थोडा कोन असला तरच क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया फिरत राहतात, नाहीतर एकाच जागी घाव बसून खाचा पडतात.

म्हणून शेडमध्ये आधी वेल्डिंग झालं नाही. आधी चासीखाली ओळंबा सोडला, फरशीवर खुणा केल्या, त्यांच्यावर सूत धरून मधली रेघ मारली. मग इंजिन चेन-पुलीवर टांगून खाली आणलं, गिअरबॉक्सखाली जॅक लावला, मागच्या फ्लँजवर कोनमापक ठेवला आणि तोच उचलून डिफरन्शियलच्या फ्लँजवर. अर्ध्या अंशाच्या फरकासाठी इंजिनाच्या फाउंडेशनखाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या. मेस्त्री म्हणाले, “इंजिन कुठंबी बसतंय बघा, लाईन बसाय पायजे.” हेराल्डची एक मोठी सोय म्हणजे तिचा डिफरन्शियल चासीला पक्का आवळलेला असतो, चाकांबरोबर वरखाली होत नाही. शेडमध्ये धरलेला कोन रस्त्यावर जवळजवळ तसाच राहतो.

पण त्याच डिफरन्शियलची मला काळजी आहे. जिप्सीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ओढ, 103 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीनपटीहून जास्त होतो, डिफरन्शियलमध्ये पुन्हा चारपट धरला तरी मागच्या चाकांना दीड हजार न्यूटन-मीटरच्या घरात ओढ बसते. तिथले दाते आणि चाकांपर्यंत जाणारे हाफ-शाफ्ट पस्तिशीच्या अश्वशक्तीसाठी घडवलेले. क्लच झटक्यात सोडणाऱ्याने ही गाडी चालवू नये.

वळणावरचा धोका याहून मोठा. हेराल्डचा मागचा प्रत्येक हाफ-शाफ्ट फक्त आतल्या टोकाला वाकतो, त्यामुळे चाक वरखाली होताना कलतंही. वळणात वेगाने शिरून मधेच ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढं जातो, मागची बाजू उचलली जाते, बाहेरचं चाक खालून आत दुमडतं आणि टायरची पकड सुटते. कमी ताकदीच्या गाडीत हे क्वचित घडायचं. मोठं इंजिन आलं तसा हा दोष उघडा पडला, आणि ट्रायम्फला 1968 मध्ये जीटी6 ची मागची रचना बदलावी लागली, 1970 मध्ये स्पिटफायरच्या मागच्या सस्पेन्शनचा पाटा. आंबोली किंवा चोर्ला घाटात ही गाडी न्यायची असेल तर इंजिनाआधी मागच्या सस्पेन्शनला हात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रेकचंही तेच: ताशी 80 ऐवजी 110 वरून थांबायचं तर ब्रेकांना जवळपास 1.9 पट ऊर्जा जिरवावी लागते.

उष्णतेचा हिशोब गोव्याहून परतीच्या वाटेवर करून बघू. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर. माणसांसह 900 किलोची गाडी समुद्रकाठाहून इथं चढवायला 66 लाख ज्यूल लागतात. इंजिनाची कार्यक्षमता 25 टक्के धरली तर नुसत्या चढासाठी 800 मिलिलिटर पेट्रोल. त्यातल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा पाण्यात उतरतो आणि रेडिएटरनेच तो बाहेर टाकायचा असतो, तेही दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा कमी असताना. जुना रेडिएटर इथं पुरणार नाही. वर बेळगावात हवा साताठ टक्के विरळ. कार्ब्युरेटरवाली गाडी त्यामुळे थोडी जास्त पेट्रोल पिते, एमपीएफआय हवेचा दाब मोजून स्वतः सांभाळून घेतं. मात्र त्याच्या पंपाचा दाब जुन्याच्या दहापट, सुमारे 3 बार. टाकीपासून पुढची एकही जुनी रबरी नळी ठेवायची नाही. गरम एक्झॉस्टशेजारी फुटलेली नळी म्हणजे आग.

कापाकापीआधी आरटीओत जाऊन या, मग गाडी केए-22 ची असो की एमएच-09 ची. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याचा अर्थ कडक लावलाय. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज म्हणून नोंदते. म्हणून आतेभावाने चासीला एकही नवं भोक पाडलेलं नाही, सगळ्या ब्रॅकेट जुन्याच भोकांवर आवळल्यात. काढलेलं 948 सीसी इंजिन सिलिंडरमध्ये तेल सोडून, प्लगची भोकं बंद करून, नंबर दिसेल असं ठेवलंय. ते परत बसवायचं ठरलं तर एक रविवार पुरेल.