विद्यापीठीय कार्यप्रवास व त्यातील उत्सर्जनकपात

विद्यापीठातील प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी व अधिकारी परिषदा, व्याख्याने, क्षेत्रकार्य, परीक्षा, निवड समित्या व बैठका यांसाठी जो प्रवास करतात, त्याला कार्यप्रवास म्हणतात. घर ते विद्यापीठ ही रोजची ये-जा त्यात धरली जात नाही. हरितगृह वायूंचा हिशेब ठेवण्याच्या जगभर रूढ असलेल्या पद्धतीत या दोन बाबी स्वतंत्रपणे, परंतु अप्रत्यक्ष उत्सर्जनाच्या एकाच गटात मांडतात. विद्यापीठे वर्षानुवर्षे फक्त वीज, इंधन आणि वाहनतळावरील स्वतःच्या गाड्या मोजत आली. त्यामुळे दौऱ्यांचा धूर त्यांच्या हिशेबवहीत दिसतच नसे.

तो मोजला गेला तेव्हा अनेकांना धक्का बसला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँता बार्बरा येथील शाखेने २०१४ मध्ये हिशेब केला, तेव्हा परिषदा, व्याख्याने व बैठकांसाठीचा विमानप्रवास एकूण उत्सर्जनाच्या सुमारे एक तृतीयांश निघाला. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविज्ञान विद्यापीठात तर निम्म्याहून अधिक उत्सर्जन दौऱ्यांचे होते, आणि त्यातले जवळजवळ सगळे विमानाचे. दिवे बदलून, छतावर सौरपट्ट्या बसवून जे वाचते ते काही आंतरखंडीय फेऱ्यांत खर्ची पडू शकते. शिवाय विमानाचा परिणाम कार्बन डायऑक्साइडपुरता नसतो. उंचावर सोडलेली नायट्रोजन ऑक्साइडे आणि विमानामागे उमटणारे ढगांचे पट्टे धरले, तर विमानवाहतुकीमुळे होणाऱ्या तापमानवाढीचा सुमारे दोन तृतीयांश भाग कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर कारणांचा असतो. आसनाचा वर्गही महत्त्वाचा आहे. लांब पल्ल्याच्या विमानात बिझनेस क्लासचे आसन जास्त जागा अडवते, म्हणून ब्रिटिश सरकारच्या मोजणीत त्याच्या वाट्याला साध्या आसनाच्या जवळजवळ तिप्पट उत्सर्जन येते.

हे ओझे विद्यापीठात सारखे वाटलेले नसते. लोझानच्या ईपीएफएल या संस्थेतील दौऱ्यांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पदाची ज्येष्ठता वाढते तसे विमानप्रवासाचे उत्सर्जन झपाट्याने वाढते. साध्या वर्गाने जाणे, जवळच्या ठिकाणी रेल्वेने जाणे आणि मध्ये थांबा नसलेले विमान घेणे या तीन उपायांनीच ते ३६ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असेही त्यात दिसले. एकही दौरा रद्द न करता एवढे साधते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘फिरलो नाही तर मागे पडू’ ही भीती मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सेथ वाइन्स व सहकाऱ्यांनी ७०५ जणांचे दौरे तपासले. वय व विषय यांचा फरक वजा केल्यावर विमानप्रवास आणि संशोधनाची उद्धरणे (इतर संशोधकांनी केलेले त्या कामाचे उल्लेख) यांत त्यांना संबंध आढळला नाही. पगाराशी मात्र आढळला. पर्यावरणाचा अभ्यास करणारेही इतरांपेक्षा कमी उडत नव्हते. म्हणजे माहिती असणे पुरत नाही, सवय आणि नियम बदलावे लागतात.

हवामानाचे अभ्यासकच सर्वांत आधी अस्वस्थ झाले. इंग्लंडमधील टिंडल केंद्राचे केव्हिन अँडरसन २०११ मध्ये शांघायच्या परिषदेला रेल्वेने गेले. या केंद्रातील संशोधकांनी २०१५ मध्ये कमी कार्बनच्या संशोधन-संस्कृतीसाठी एक धोरण-निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील जोसेफ नेव्हिन्स व पार्क वाइल्ड यांनी विद्यापीठांनी व विद्वत्-संस्थांनी विमानप्रवास कमी करावा, असे आवाहन करणारी सह्यांची मोहीम सुरू केली.

संस्थेच्या पातळीवर ईटीएचचे उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे आहे. तिथे २०१७ मध्ये काम सुरू झाले. वरून एकच आकडा लादण्याऐवजी प्रत्येक विभागाने आपापले उद्दिष्ट व उपाय ठरवले. सगळ्यांची बेरीज करून २०१६ ते २०१८ च्या सरासरीच्या तुलनेत २०२५ पर्यंत दरडोई ११ टक्के घट असे लक्ष्य आले. आकडा लहान वाटतो, पण तो संबंधितांनी आपल्या तोंडाने कबूल केलेला होता. अशा कामात मला तेच मोठे वाटते, कारण प्राध्यापकाने मनापासून न मानलेला नियम पहिल्याच अपवादाच्या अर्जात विरघळतो.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठाने नियम सोपा ठेवला: रेल्वेने वा बसने सुमारे सहा तासांत जिथे पोचता येते, तिथे विमानाने जायचे नाही. अशा शहरांची यादीच तयार असल्याने प्रत्येक वेळी वाद घालावा लागत नाही. जर्मनीत संशोधकांनी एक हजार किलोमीटरच्या आत कामासाठी विमान न वापरण्याची वैयक्तिक हमी देण्याची मोहीम चालवली. हे पश्चिम युरोपात शक्य होते, कारण झुरिकहून पॅरिस रेल्वेने चार-एक तासांवर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने वेगळी वाट धरली. २०१८ पासून देशांतर्गत विमानफेरीमागे ९ डॉलर आणि परदेशी फेरीमागे २५ डॉलर इतकी वर्गणी विभागांकडून घेऊन ती आवारातच ऊर्जाबचतीवर खर्च केली. दूर कुठेतरी झाडे लावण्याचे प्रमाणपत्र विकत घेण्यापेक्षा हे बरे, कारण काम डोळ्यांसमोर तपासता येते. तरी एवढ्या वर्गणीने कुणी तिकीट रद्द करील असे वाटत नाही.

खरी अडचण बहुतेकदा लेखाविभागात असते. सार्वजनिक संस्थांत सर्वांत स्वस्त तिकीट घ्यावे असा दंडक असतो. रेल्वे महाग पडली किंवा एक रात्र मुक्काम वाढला, तर बिल अडकते. भारतात केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या आदेशाने आपल्या वर्गातील स्वस्तात स्वस्त विमानभाडे घेण्यास व तिकीट २१ दिवस आधी काढण्यास सांगितले. पैशाच्या शिस्तीसाठी हे योग्यच आहे, पण कार्बनचा विचार त्यात नाही. त्याच नियमांत प्रवासाचा वर्ग वेतनस्तरावरून ठरतो आणि स्तर १४ पासून पुढे बिझनेस क्लास मिळतो. लोझानमध्ये आढळलेली ज्येष्ठतेची चढण इथे नियमातच लिहून ठेवलेली आहे. रेल्वेचे जादा भाडे व जादा मुक्काम मंजूर करणारी एक ओळ प्रवासभत्त्याच्या नियमात घातली, तर ती पुष्कळ भाषणांपेक्षा उपयोगी ठरेल.

दौऱ्यांचे सर्वांत मोठे कारण परिषदा. अमेरिकन भूभौतिकी संघाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील २०१९ च्या अधिवेशनाला सुमारे २८ हजार लोक आले. त्यांच्या प्रवासाचे उत्सर्जन अंदाजे ८० हजार टन, म्हणजे माणशी जवळजवळ तीन टन झाले. त्यातला तीन चतुर्थांश भाग ८ हजार किलोमीटरपेक्षा लांबून आलेल्या ३६ टक्के लोकांचा होता. मिलान क्लोवर व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवले, की अधिवेशन दोन वर्षांनी भरवले, निरनिराळ्या खंडांत जोडकेंद्रे ठेवली आणि लांबच्यांना दूरस्थ सहभाग दिला, तर ९० टक्क्यांहून अधिक घट होते. सँता बार्बराच्या केन हिल्टनर यांनी महासाथीच्या बऱ्याच आधी, २०१६ मध्ये, व्याख्याने आधी चित्रित करून तीन आठवडे लेखी प्रश्नोत्तरे चालवणारी परिषद भरवून पाहिली होती. उत्तर सावकाश, विचार करून लिहिता येते हा तिचा गुण. चहाच्या टपरीवर अचानक जुळणारी ओळख तिच्यात होत नाही, ही तिची खरी उणीव, आणि ती नाकारून चालणार नाही.

म्हणूनच कपात सरसकट नको. ज्याचे नाव अजून कुणाला माहीत नाही, अशा पीएच.डी.च्या विद्यार्थिनीची पहिली परिषद आणि नामांकित प्राध्यापकाचे वर्षातले आठवे बीजभाषण यांना एकच कात्री लावणे अन्याय आहे. पुण्याहून किंवा नांदेडहून युरोपात रेल्वेने जाता येत नाही. व्हिसा व भाड्यामुळे येथील अनेकांचे जाणे आधीच अडलेले असते. अशांना दूरस्थ सहभागाने दार उघडते, पण त्यासाठी परिषदेने दूरच्या वक्त्याला दुय्यम वागणूक देऊ नये.

महाराष्ट्रात या विषयाचे रूप बरेच घरगुती आहे. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात आवारात वाहनांवर बंधन, सायकली आणि पादचारी रस्ते यांची विचारपूस होत आली आहे, म्हणून महाविद्यालये तिकडे लक्ष देतात. दौऱ्यांच्या किलोमीटरची नोंद ठेवायला मात्र टीए-डीएची बिलेच पुरेशी आहेत. कुठून कुठे, कशाने आणि कोणत्या वर्गाने, हे सगळे त्यांवर लिहिलेले असते. मुंबई-पुणे मार्गावर डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आहे आणि १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत मुंबईहून पुण्यामार्गे सोलापूरला जाते. बहिःस्थ परीक्षकाला एकट्यासाठी गाडी करून बोलावण्याची गरज या मार्गावर क्वचितच असते. पीएच.डी.ची मौखिक परीक्षा दूरदृश्य पद्धतीने घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे दिली आणि ती व्यवस्थित पार पडते हे तेव्हा विभागांनी पाहिले. प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षकाने प्रयोगशाळेत उभे राहणे आवश्यकच आहे. निवड समितीच्या पूर्वतयारीची बैठक, अभ्यासमंडळाची सभा किंवा शोधप्रबंधाच्या आराखड्यावरील चर्चा यांसाठी चार जिल्ह्यांतून चार गाड्या निघण्याचे कारण उरलेले नाही.