ग्लुटेनविरहित पाव आणि 'हामोत्झी'ची पाच धान्ये

ज्यू धर्माचरणात जेवणाआधी विधिपूर्वक हात धुतले जातात आणि मग भाकरीवर 'हामोत्झी' हे आशीर्वचन म्हटले जाते. त्यात 'जमिनीतून भाकर उपजवणाऱ्या' देवाची स्तुती असते. मात्र कोणत्याही पिठाची भाकर या आशीर्वचनाला चालत नाही. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या संहितेत गहू, जव आणि आणखी तीन अशा पाचच धान्यांच्या कणकेतून देवाचा वाटा काढायला सांगितले आहे, आणि 'भाकर' या शब्दाची व्याप्तीही पुढे याच पाचांपुरती मानली गेली. मिश्नावरील चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदने याचे कारण मोठे मार्मिक दिले आहे: या धान्यांचे पीठ भिजवले की आंबते, तांदूळ आणि बाजरीसारख्या भरड धान्याचे मात्र नुसते नासते.

ही कसोटी जवळजवळ ग्लुटेनची, म्हणजे गव्हासारख्या धान्यातल्या कणीक चिवट करणाऱ्या प्रथिनाचीच आहे. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांनी १९४०च्या दशकात गहू आणि सीलिअॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा विकार) यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हापासून या रुग्णांना जे टाळावे लागते ते बहुतांशी हामोत्झीचेच धान्य. तांदळाच्या पावावर 'मेझोनोत' हे दुसरे आशीर्वचन येते, तर मका, बटाटा किंवा टॅपिओकाच्या पावावर सर्वसाधारण 'शेहाकोल'. याच न्यायाने कोकणातल्या तांदळाच्या भाकरीलाही, आपण तिला भाकरी म्हणत असलो तरी, हामोत्झी लागू होत नाही.

यातून वाट निघाली ती ओटमुळे. मिश्नाच्या यादीतले 'शिबोलेत शुआल', म्हणजे शब्दशः 'कोल्ह्याचे कणीस', हे कोणते धान्य याबद्दल एकमत नाही. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीसने त्याला रानटी जव मानले. फ्रान्समधील त्रॉयचे भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांनी त्याचा अर्थ ओट असा दिला आणि रूढीत तोच टिकला. आधुनिक काळात वनस्पतिशास्त्रज्ञ येहुदा फेलिक्स यांनी ते दोनरांगी जव असल्याचे मांडले, तरी व्यवहारात बहुतेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) राशींचाच अर्थ धरतात. ओटमध्ये मुळात ग्लुटेन नसते. शेतात वा गिरणीत गव्हाची भेसळ होऊ दिली नाही, तर बहुतेक सीलिअॅक रुग्णांना ते पचते. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिवसाच्या, मेजावर दोन पाव मांडण्याची प्रथा अशा रुग्णांना ओटच्या पावांनी पाळता येते. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री तर आशीर्वचन बदलूनही भागत नाही, कारण त्या रात्रीची मात्झा ही बेखमीर भाकर पाच धान्यांपैकीच एकाची असावी लागते. म्हणून त्यांच्या ताटात ओटची मात्झा येते.